सकाळी गाडी खडखडते का? टायमिंग चेनची ओळख



आपल्या पानावर एरवी पापडाचं पॅकिंग, शेळ्यांचं लसीकरण, बँकेचा व्यवहार असं काहीबाही असतं. या वेळी इंजिनाबद्दल लिहितेय. पान उलटू नका. आपल्या प्रभागात आता गटांनी कर्ज काढून घेतलेल्या चार गाड्या आहेत आणि त्यातल्या एका गाडीने मला गेल्या पावसाळ्यात चांगलाच धडा शिकवला. त्यात चूक माझीसुद्धा होती, ती पुढे सांगते.

अकोले तालुक्यातल्या आपल्या एका गटाने दोन वर्षांपूर्वी जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली. हजार सीसी, तीन सिलिंडर. इंद्रायणी तांदूळ, नाचणीचे लाडू, मसाले घेऊन ती राजूर आणि संगमनेरला जाते. रात्री-अपरात्री बाळंतपणाला हीच गाडी धावते. चालवणारी गटातलीच ताई आहे, लायसन्स काढून शिकली.

एका सकाळी मी त्यांच्या गावी मुक्कामी होते. ताईने किल्ली फिरवली आणि गाडी चालू होताच बॉनेटखालून "खर्रर्र" असा आवाज आला. पत्र्याच्या डब्यात हरभरे घालून हलवावेत तसा. चार-पाच सेकंदांनी थांबला. ताई म्हणाली, "मॅडम, महिनाभर झालं, रोज असंच करते. गॅरेजवाल्याला दाखवलं, तर तो म्हणतो जुनी गाडी आहे, आवाज येणारच." अध्यक्ष मावशी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "आमचे पण गुडघे सकाळी वाजतात की." सगळ्या हसलो आणि निघालो. हसण्यात मीही होते.

तीन आठवड्यांनी मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी घाटात पिकअप धरेना, उभी असली की थरथरायला लागली. तेव्हा कुठे ती दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्या दादांकडे मी अख्खा दिवस स्टुलावर बसून होते. पुढचं बरंचसं त्यांनी उघडून दाखवलेलं आहे.

आता मुळात ही चेन काय करते ते बघू. शिवणयंत्र चालवणाऱ्यांना पटकन कळेल. वरून सुई खाली येते, त्याच क्षणी खालचं शटल फिरून धागा पकडतं. दोघांचा मेळ थोडा चुकला की टाके सुटतात, जास्त चुकला की सुई शटलवर आपटून मोडते. आपला दुरुस्तीवाला काय म्हणतो? "मशीनचं टायमिंग गेलंय." इंजिनात अगदी हेच आहे. खाली पिस्टन वर-खाली होतात आणि क्रँक नावाचा दांडा फिरवतात. वर कॅम नावाचा दांडा असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. व्हॉल्व्ह म्हणजे छोटी दारं, पेट्रोल-हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक फेरी व्हायलाच हवी. हा मेळ राखते ती टायमिंग चेन, म्हणजे खालच्या दातेरी चाकावरून वरच्या दातेरी चाकांवर गेलेली लोखंडी साखळी. क्रँक मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह त्या मिनिटात पंधराशे वेळा उघडतो. एवढ्या वेगात मेळ ठेवायचा आहे.

सगळ्याच गाड्यांत चेन नसते. जुन्या मारुती ८०० आणि ओम्नीत रबरी टायमिंग बेल्ट होता. २०१० नंतरच्या वॅगनआर आणि अल्टो के१० मधल्या के-मालिकेच्या इंजिनात चेन असते. बेल्ट असेल तर तो ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो, कारण तो बऱ्याचदा न सांगता तुटतो. चेनला अशी ठरलेली तारीख सहसा नसते. ऑइल वेळेवर बदललं तर ती लाख-दीड लाख किलोमीटर किंवा त्याहून जास्त चालते, आणि खराब व्हायला लागली की बहुतेक वेळा आधी आवाज करून सांगते. आपली गाडी चेनवाली आहे की बेल्टवाली, हे गाडीच्या पुस्तिकेत बघा किंवा मेकॅनिकला विचारून वहीत लिहून ठेवा.

चेन "ताणते" असं सगळे म्हणतात. मलाही वाटायचं की लोखंड रबरासारखं लांबत असेल. तसं होत नाही. साखळीच्या प्रत्येक कडीत एक बारीक पिन असते, ती पिन आणि तिच्याभोवतीचं भोक झिजतं. एका कडीत किती? समजा केसाहून बारीक, दोन शतांश मिलिमीटर. पण कड्या १२० असल्या तर सगळं मिळून २.४ मिलिमीटर ढील आली. मेळ बिघडायला तेवढी पुरते.

ही ढील ओढून धरायला टेन्शनर नावाचा भाग असतो. तो ऑइलच्या दाबावर चालतो आणि साखळीच्या कडेला असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीला, म्हणजे गाइडला, रेटून धरतो. आता सकाळच्या आवाजाचं कोडं सुटतं बघा. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी सेल्फ मारला की ऑइल वर चढून दाब यायला क्षणभर लागतो. तोवर टेन्शनर सैल असतो आणि झिजलेली चेन झाकणाच्या आत आपटते. दाब आला की आवाज बंद. म्हणून तर आपण फसतो. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं आणि तिथे गाडी गुपचूप उभी राहते, दवाखान्यात गेलं की पोराचा खोकला थांबतो तशी.

यावर उपाय सोपा आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी बॉनेट उघडा, एकीने किल्ली फिरवायची, दुसरीने बाजूला उभं राहून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचा. रेकॉर्डिंग किल्ली फिरवण्याआधीच सुरू करा. किंवा आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजमध्येच ठेवा आणि सांगा, "सकाळी पहिला सेल्फ मारताना आम्ही हजर असणार." या वेळी पदर खोचलेला, ओढणी काढलेली, वेणी बांधलेली असू द्या आणि हात फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा तर अचानक आपोआप चालू होतो.

आवाज ओळखणं ही खरी कला आहे आणि इथेच गल्लत होते. चेनचा आवाज खरखरीत, खडखडाटासारखा असतो. तो इंजिनाच्या ज्या बाजूला डायनामोचा पट्टा फिरतो, बहुतेक गाड्यांत त्याच बाजूच्या झाकणाआडून येतो. थंड इंजिनात एखाद्या सेकंदात थांबला आणि तोही क्वचित आला, तर फार घाबरायचं कारण नाही, लक्ष ठेवा. रोज येतो आणि दोन-तीन सेकंदांच्या पुढे टिकतो, तर दाखवायलाच हवं. इंजिन गरम झाल्यावरही, ॲक्सिलरेटर सोडताना खडखड यायला लागली, तर झीज बरीच झालेली असते.

"ची-ची" असा चिरका आवाज म्हणजे बाहेरचा डायनामोचा पट्टा. पावसात जास्त येतो. तो स्वस्तातलं काम आहे, त्यासाठी कुणी चेन बदला म्हणालं तर उठून या. शिवणयंत्रासारखी एकसारखी "टिक-टिक" वरून, हेडमधून येत असेल तर टॅपेटचं सेटिंग बघावं लागतं. चढावर गाडी ओढताना "टण-टण" येते ते पेट्रोल नीट न जळल्याचं, म्हणजे नॉकिंगचं लक्षण असू शकतं. आणि सायलेन्सरवरचा पातळ पत्रा ढिला झाला की तोही हुबेहूब खडखडतो. मेकॅनिक दादांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली, डॉक्टरच्या नळीसारखी. मलाही ऐकवलं. चेनच्या झाकणावर टेकवल्यावर तो आवाज इतका जवळ आला की मी दचकलेच.

आवाजानंतर दुसरी लक्षणं येतात. गाडी सेल्फ जास्त खाते, मिसिंग करते, उभी असताना थरथरते, ॲव्हरेज पडतं, पिवळा दिवा लागतो. आमच्या गाडीला स्कॅनर लावला तर पी००१६ असा कोड आला. याचा अर्थ क्रँक आणि कॅम यांचा मेळ जुळत नाही. पण हेही लक्षात ठेवा, हाच कोड सेन्सर खराब झाल्याने किंवा वायर तुटल्यानेही येऊ शकतो. नुसता कोड दाखवून "इंजिन खोलावं लागेल" म्हणणाऱ्याला विचारा, "दादा, सेन्सर आणि वायरिंग तपासलं का? चेनचा आवाज ऐकला का?"

तशीच चालवत राहिलो तर काय होतं? ढिली साखळी दातेरी चाकावर एखादा दात उडी मारते. मेळ सुटला की अनेक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आपटतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. गाडी रस्त्यात अचानक बंद पडली आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, मोकळा फिरतोय असं वाटलं, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. आणि चार पोरं बोलावून धक्का स्टार्ट तर मुळीच नको. चेन सरकलेली असेल तर त्या धक्क्याने उरलेले व्हॉल्व्ह वाकतील. गाडी ओढून न्या.

आता माझ्या चुकीचं. चेन झिजण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ऑइल. उशिरा बदललेलं, कमी झालेलं किंवा भलत्याच ग्रेडचं. जुन्या ऑइलमध्ये काजळी आणि बारीक कचरा साठतो आणि तो त्या पिनांना पॉलिश पेपरसारखा घासतो. या गाडीच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला असं लिहिलंय. गटाची वही काढली तर शेवटच्या सर्व्हिसिंगनंतर गाडी १९,००० किलोमीटर चालली होती. मधल्या काळात सर्व्हिसिंगचा विषय बैठकीत निघाला होता, २,३०० रुपये खर्च होता. त्याच महिन्यात कर्जाचा हप्ता होता आणि इतिवृत्तात स्वच्छ लिहिलंय : "मॅडमच्या सूचनेनुसार आधी हप्ता भरावा, सर्व्हिसिंग पुढे घ्यावे." ती मॅडम म्हणजे मी. आमच्या अहवालात परतफेडीचा रकाना असतो, ऑइलचा नसतो. समाजकार्याच्या दोन वर्षांत मला कुणी डिपस्टिक दाखवली नव्हती, आणि मीही कधी विचारलं नाही. मावशींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचंच जास्त लागलं.

डिपस्टिक म्हणजे ऑइलची पट्टी. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. पट्टी ओढून स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेखाली असेल तर भरा, वरच्या खुणेवर मात्र जाऊ देऊ नका. ऑइल काळं दिसलं म्हणून लगेच वाईट नसतं, काम करताना ते काळं होतंच. बोटांत चोळल्यावर चकाकणारे कण दिसले तर मात्र मेकॅनिक गाठा. आठवड्यातून एकदा एवढं करायला चहा उकळतो तेवढाच वेळ लागतो. मीटरवर ऑइलच्या किटलीची लाल खूण गाडी चालताना लागली, तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. "गावापर्यंत जाऊ" असं नाही.

आपल्या गाड्यांना आणखी एक त्रास आहे. वाडीतून फाट्यापर्यंत, फाट्यावरून दवाखान्यापर्यंत अशा छोट्या फेऱ्या, त्यात धूळ. इंजिन पुरतं गरमच होत नाही, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. अशा गाडीचं ऑइल पुस्तिकेतल्या आकड्याच्या आधीच बदललेलं बरं. आवाज दाबायला जाड ऑइल टाकून देतो म्हणणारेही भेटतात. आवाज थोडे दिवस कमी होईलही, पण झीज थांबणार नाही, उलट जाड ऑइल सकाळी वर चढायला जास्त वेळ घेतं.

दुरुस्तीच्या दिवशी काय काय झालं ते सांगते, म्हणजे तुमच्या गाडीवर वेळ आली तर समोर उभं राहून बघता येईल. हे घरी करायचं काम नाही. दादांनी आधी ऑइल काढलं, पट्टा आणि क्रँकची पुली काढली, मग बाजूचं झाकण उघडलं. पहिल्या नंबरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून ठेवला. गाइडवर साखळीने दोन लांब खाचा पाडल्या होत्या. चेंबर उतरवलं तर ऑइल खेचणाऱ्या जाळीत त्याच गाइडचे प्लॅस्टिकचे तुकडे अडकलेले. ती जाळी साफ केली नसती तर नव्या चेनलाही ऑइल कमी पडलं असतं. जुनी आणि नवी साखळी त्यांनी शेजारी-शेजारी खिळ्याला लटकवली. जुनी खाली उतरली होती, तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी. मावशी कितीतरी वेळ त्या फरकाकडे बघत होत्या. "एवढ्यासाठी?" म्हणाल्या.

नुसती चेन बदलून भागत नाही. टेन्शनर, दोन्ही गाइड आणि दातेरी चाकं, असा पूर्ण संच बदलावा. जुन्या चाकाचे दात एका बाजूने झिजून आकड्यासारखे वाकडे झालेले असतात, ते नवी चेन लवकर खातात. नव्या साखळीत काही कड्या वेगळ्या रंगाच्या होत्या. त्या वरच्या दोन कॅमच्या चाकांवरच्या आणि खालच्या क्रँकच्या चाकावरच्या खुणांशी जुळवून बसवल्या. मग दादांनी सेल्फ न मारता पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने सावकाश पूर्ण दोन फेऱ्या फिरवलं. कुठे अडलं नाही, चाकांवरच्या खुणा पुन्हा जागेवर आल्या. रंगीत कड्या मात्र पुढे सरकलेल्या दिसल्या, मी घाबरून ओरडले. ते हसले, "ताई, कड्या लगेच जुळत नसतात, चाकाच्या खुणा बघायच्या." हाताने फिरवण्याची ही पायरी कुणी गाळत असेल तर थांबवा, चुकीची बसलेली चेन इथेच कळते. नंतर झाकणाची जुनी पेस्ट खरवडून नवी लावली, नवं सील, नवं ऑइल, नवा फिल्टर. शेवटी स्कॅनरने कोड पुसून गाडी चालू केली.

बिल असं झालं : चेनचा पूर्ण संच ५,८०० रुपये, ऑइल, फिल्टर, सील वगैरे २,९००, मजुरी ३,५००. एकूण १२,२०० रुपये. हा एका गाडीचा, एका गॅरेजचा हिशेब आहे, तुमचा वेगळा येईल. पण चार गोष्टी कुठेही मागा. काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज, सामान आणि मजुरी वेगवेगळी, नव्या सामानाची खोकी छापील किमतीसकट, आणि काढलेले जुने भाग परत. गॅरेजमध्ये बोलणं बरोबर आलेल्या एखाद्या दादाशी चालू होतं आणि आपण कोपऱ्यात उभ्या राहतो. पहिल्या गॅरेजमध्ये ताईचं तसंच झालं होतं. गाडी गटाच्या नावावर आहे, तेव्हा प्रश्न गटाने विचारायचे.

पैसे कुठून आणले? ग्रामसंघाला अर्ज देऊन एक हप्ता पुढे ढकलून घेतला, उरलेले अंतर्गत बचतीतून. म्हणजे जो हप्ता वाचवायला सर्व्हिसिंग ढकललं, तोच हप्ता शेवटी ढकलला. आता गटाने प्रत्येक किलोमीटरमागे एक रुपया वेगळ्या डब्यात टाकायचं ठरवलंय. पहिल्या महिन्यात गाडी १,४०० किलोमीटर चालली आणि डब्यात तेवढेच रुपये जमले. मावशींनी डब्यावर "गाडीचं खाणं" असं लिहिलंय.

जुनी गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या गटांना एक सांगते. बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून ठेवलेली असू शकते आणि सकाळचा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही. "उद्या सकाळी सातला येतो, तोवर गाडी चालू करू नका" म्हणा. सर्व्हिसिंगची पावती मागा, किलोमीटर आणि तारखा जुळवून बघा.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला ही गाडी अंगणात उभी असेल. जेवणाच्या सुट्टीनंतर ताई स्वतः पट्टी कशी बघायची ते दाखवणार आहे आणि जुनी चेन, झिजलेला गाइड हातात घेऊन बघायला मिळेल. ज्या गटांकडे गाडी आहे त्यांनी गाडीची पुस्तिका आणि शेवटच्या सर्व्हिसिंगची पावती बरोबर आणावी. पावती सापडत नसेल तर तसंच या, मीटरवरचा आकडा तेवढा लिहून आणा.